जिऱ्याचे औषधी गुण आणि घरगुती उपयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिऱ्याचा आरोग्याला नेमका कोणता फायदा होतो?

मुख्य फायदा पचनाचा आहे. आयुर्वेदाने जिऱ्याला चवीने तिखट, वीर्याने, म्हणजे शरीरावरील परिणामाने, उष्ण, दीपन, पाचन आणि ग्राही म्हटले आहे. म्हणजे ते भूक वाढवते, खाल्लेले जिरवायला मदत करते आणि पातळ शौचाला बांधून आणते. जेवल्यावर पोट डब्ब होणे, करपट ढेकर येणे, तोंडाला चव नसणे या तक्रारींवर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जिरे दिले जाते ते याच समजुतीने, आणि ही समजूत निराधार नाही. जिऱ्यात साधारण २ ते ५ टक्के उडनशील तेल असते आणि त्यातील क्युमिनाल्डिहाइड या घटकामुळे जिऱ्याला त्याचा ओळखीचा वास येतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत जिऱ्यासारख्या मसाल्यांमुळे पित्ताचा स्राव आणि स्वादुपिंडातील पाचक विकरांची क्रिया वाढल्याचे आढळले होते.

माणसांवरील पुरावा याहून तोकडा आहे. आयबीएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आतड्याच्या विकाराच्या ५७ रुग्णांना इराणमध्ये जिऱ्याच्या अर्काचे थेंब दिल्यावर पोटदुखी व पोटफुगी कमी झाल्याचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र त्यात तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे आराम अर्काने पडला की औषध घेतल्याच्या समाधानाने, हे त्यातून ठरत नाही. पचनासाठी जिरे उपयोगी आहे हे म्हणायला परंपरा, रसायन आणि थोडे संशोधन असा तिहेरी आधार आहे. त्यापुढचे जे दावे केले जातात, म्हणजे वजन, साखर, कोलेस्टेरॉल, केस, त्वचा, त्यांचा आधार उत्तरोत्तर विरळ होत जातो.

जिऱ्याचे पाणी कसे करावे? भिजवून की उकळून?

दोन्ही रीती प्रचलित आहेत. एक सपाट चहाचा चमचा जिरे, म्हणजे सुमारे २ ग्रॅम, एका भांड्यात पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळून घेतात, किंवा तेवढेच जिरे दीड कप पाण्यात मंद आचेवर पाचेक मिनिटे उकळतात. उकळताना भांड्यावर झाकण ठेवावे आणि गॅस बंद केल्यावरही ते काही वेळ तसेच राहू द्यावे, कारण स्वयंपाकघरभर दरवळणारा वास म्हणजेच उडून जाणारे तेल असते. पाणी अर्धे होईपर्यंत उघडे उकळत ठेवले की रंग छान गडद येतो, पण ज्यासाठी हा खटाटोप केला ते बहुतांश वाफेबरोबर निघून गेलेले असते.

हे तेल पाण्यात फारसे विरघळतही नाही. त्यामुळे गाळलेल्या पाण्यात जिऱ्याचा थोडाच अंश उतरतो आणि तंतू, प्रथिने व बरीचशी खनिजे गाळणीतच राहतात. पाणी प्यायचेच असेल तर तळाशी उरलेले जिरे चावून खावे, हे बरे. उपाशीपोटी घेतल्याने त्याला काही विशेष गुण येतो असे दाखवणारा पुरावा नाही. उलट ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांना रिकाम्या पोटी जळजळ होऊ शकते, अशांनी ते जेवणानंतर कोमट घ्यावे.

जिऱ्याच्या पाण्याने पोटाची चरबी वितळते का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. ‘सात दिवसांत पोट सपाट’ छापाच्या दाव्यांत ज्या संशोधनाचा मोघम उल्लेख असतो, ते बहुधा २०१४ मध्ये इराणमध्ये प्रसिद्ध झालेले असते. त्यात वजन जास्त असलेल्या ८८ स्त्रियांचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना आहाराचे मार्गदर्शन होते आणि एका गटाला त्याखेरीज रोज ३ ग्रॅम जिरेपूड दह्यातून दिली जात होती. तीन महिन्यांनी जिरेपूड घेणाऱ्यांचे वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे दीड किलोने अधिक कमी झाले होते.

या एका प्रयोगात जिऱ्याचे पाणी नव्हते, पूड होती. मोकळा आहार नव्हता, मार्गदर्शनाखालचा होता. कालावधी आठवड्याचा नव्हता, तीन महिन्यांचा होता. आणि एवढे सगळे करून फरक दीड किलोचा होता. सकाळच्या साखर घातलेल्या चहाऐवजी कोणी जिऱ्याचे पाणी प्यायला लागले आणि महिन्यात वजन थोडे उतरले, तर त्याचे श्रेय न घेतलेल्या साखरेला द्यावे. जेवणानंतर फुगलेले पोट वात सरल्यावर थोडे आत जाते, त्यालाही अनेकदा चरबी उतरली असे समजले जाते.

जिऱ्यात लोह भरपूर असते, मग रक्त वाढवण्यासाठी ते पुरेसे आहे का?

अमेरिकी कृषी खात्याच्या कोष्टकात १०० ग्रॅम जिऱ्यात ६६ मिलिग्रॅम लोह दिलेले आहे आणि हाच आकडा सर्वत्र फिरतो. भारतीय कोष्टकांत तो याहून बराच कमी आहे. पण मोठा आकडा खरा धरला तरी १०० ग्रॅम जिरे कोणी खात नाही. एक चमचा जिऱ्यात त्या हिशेबाने जेमतेम सव्वा ते दीड मिलिग्रॅम लोह येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते, शिवाय वनस्पतीजन्य लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. हिमोग्लोबिन कमी असल्यास डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करून जिऱ्यावर भिस्त ठेवणे योग्य नाही. भाजीवर जिरेपूड भुरभुरून वर लिंबू पिळावे, लिंबातील क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण सुधारते. पण ते गोळ्यांबरोबर, गोळ्यांऐवजी नव्हे.

जिरे, शहाजिरे, कडू जिरे आणि कलौंजी ही एकच वस्तू आहे का?

नाही, आणि जिऱ्याविषयीचे निम्मे गैरसमज या एका घोटाळ्यातून निघतात.

फोडणीत पडणारे आपले नेहमीचे जिरे हे गाजर, कोथिंबीर, बडीशेप आणि ओवा यांच्या कुळातील झाड आहे. शहाजिरे त्याच कुळातील, पण वेगळे. दाणा बारीक, काळसर, किंचित वाकडा आणि सुवास जास्त नाजूक, म्हणून ते बिर्याणीत आणि गोड्या मसाल्यात पडते. खरे शहाजिरे काश्मीर आणि हिमाचलमधील किन्नौरसारख्या थंड, उंच भागांतून येते व बरेच महाग असते, त्यामुळे बाजारात त्याच नावाने विलायती जिरे, म्हणजे कॅरावे, सर्रास विकले जाते. कलौंजी, जिला आपण कांद्याचे बी म्हणतो, तिचा कांद्याशीही संबंध नाही आणि जिऱ्याशीही नाही. ती निराळ्याच कुळातील वनस्पती आहे. कडू जिरे तर त्याहून वेगळे. ते जंतांवर आणि त्वचारोगांवर वापरले जाणारे पारंपरिक औषध आहे, चवीला नावाप्रमाणे कडूजहर, आणि ते वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात साधे जिरे, काळे जिरे (शहाजिरे) आणि कलौंजी यांचे वर्णन एकत्र येते हे खरे, पण तेथे ती तीन वेगळी द्रव्ये म्हणूनच मोजली आहेत. आजचा गोंधळ असा की कलौंजीला इंग्रजीत ‘ब्लॅक क्युमिन’ म्हणतात. तिच्यावर रक्तदाब आणि साखरेसंबंधी जे बरेच संशोधन झाले आहे ते मराठीत येताना सरळ ‘जिऱ्याचे फायदे’ होऊन येते. जर्मनीत अपचनावर पुदिन्याच्या तेलाबरोबर तपासले गेलेले तेलही कॅरावेचे आहे, आपल्या जिऱ्याचे नव्हे. एखादा मोठा दावा वाचनात आला की तो कोणत्या दाण्याविषयी आहे हे आधी पाहावे.

गॅस आणि अपचनावर जिरे घेण्याची सर्वांत चांगली रीत कोणती?

आमच्या मते ताक. अदमुरे, फार आंबट नसलेले दही घुसळून त्यात तिप्पट-चौपट पाणी घालावे, वर आलेले लोणी काढून घ्यावे, आणि पेलाभर ताकात पाव चमचा ताजी भाजलेली जिरेपूड, चिमूटभर सैंधव व चिमटीत मावेल एवढे हिंग घालून जेवणाच्या शेवटी घ्यावे. जिरे भाजताना कोरड्या लोखंडी तव्यावर, मंद आचेवर, सतत हलवत राहावे. दाणे आधी थोडे फुगल्यासारखे दिसतात, मग वास बदलतो. कच्च्या जिऱ्याचा उग्र दर्प जाऊन खमंगपणा येतो आणि रंग फिकट तपकिरी होतो. याच क्षणी ते ताटलीत काढावे. तव्यावरच ठेवले तर तवा तापलेला असल्याने ते आणखी भाजत राहते, काळे पडते आणि पूड कडू होते. गार झाल्यावर खलबत्त्यात जाडसर कुटावे. मिक्सरमध्ये फार वेळ फिरवलेली पूड गरम होते आणि तिचा वास लवकर जातो.

ताक चालत नसेल त्यांनी अर्धा चमचा भाजलेले जिरे नुसते चावून वर कोमट पाणी घ्यावे. हिंग्वाष्टक चूर्णातही जिरे आहे: सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, काळे जिरे आणि हिंग अशी त्यातील आठ द्रव्ये, आणि ते जेवणाच्या पहिल्या घासाला तुपातून घेण्याचा प्रघात आहे. त्यात मीठ असल्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी ते रोजचे करू नये. राजमा, वाल, पावटे किंवा हरभऱ्याची उसळ करताना फोडणीत जिरे व हिंग घालण्याची आपली पद्धत मात्र विनाविचार पाळावी अशीच आहे. तेलात वा तुपात जिऱ्याचा अर्क पाण्यापेक्षा कितीतरी चांगला उतरतो, म्हणून आमसुलाच्या सारावर तुपातली जिऱ्याची फोडणी देणाऱ्या गृहिणीने जिऱ्याच्या पाण्याच्या पुरस्कर्त्यांपेक्षा जास्त जिरे पोटात पोचवलेले असते.

जुलाब होत असताना जिरे द्यावे का?

पातळ ताकातून किंवा तांदळाच्या पेजेतून जिरेपूड देण्यास हरकत नाही. तोंडाला चव येते आणि रुग्ण चार घोट जास्त घेतो, हाही फायदाच. पण जुलाबात जीव धोक्यात येतो तो शरीरातील पाणी आणि क्षार गेल्यामुळे, आणि ते जिऱ्याने भरून निघत नाहीत. पहिले औषध म्हणजे ओआरएस. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. मीठ अंदाजाने टाकू नये, विशेषतः मुलांसाठी. शौचातून रक्त पडणे, लघवी फार कमी होणे, मूल मलूल पडणे यांपैकी काही दिसले तर घरी थांबू नये.

तापावर जिरे आणि गूळ देतात, ते कितपत बरोबर आहे?

विषमज्वरावर, म्हणजे पाळीने येणाऱ्या तापावर, गुळाबरोबर जिरे द्यावे असे आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितले आहे. ज्या काळी हा उपाय सांगितला गेला त्या काळी रक्त तपासण्याची सोय नव्हती. आज थंडी वाजून, पाळीने येणारा ताप म्हणजे मलेरियाची शंका, आणि तो एका साध्या रक्ततपासणीत कळतो. पावसाळ्यात डेंग्यूही असतो. आजारातून उठलेल्या माणसाला तोंडाची चव यावी म्हणून मऊ भात, तूप, मेतकूट आणि सोबत जिरे-गुळाची गोळी जरूर द्यावी. ताप अंगात असताना तिच्यावर दोन-तीन दिवस घालवू नयेत.

मधुमेहात जिरे चालते का?

जेवणात चालते, अगदी निर्धास्तपणे. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर क्युमिनाल्डिहाइडचे साखर कमी करणारे परिणाम दिसले आहेत, पण ते शुद्ध केलेल्या अर्काचे, ठरावीक मात्रेतले आहेत. जे इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी जिऱ्याचे कॅप्सूल, अर्क किंवा दिवसभरात चमचे-चमचे पूड सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण दोन्ही परिणाम एकत्र झाल्यास साखर अनपेक्षितपणे खाली जाऊ शकते.

गरोदर स्त्री, बाळंतीण आणि तान्हे बाळ यांना जिरे द्यावे का?

गरोदरपणात स्वयंपाकात पडते तेवढे जिरे सुरक्षित मानले जाते. औषध म्हणून मोठ्या मात्रेत मात्र घेऊ नये. आयुर्वेदातही जिऱ्याचा गर्भाशयावर परिणाम सांगितला आहे आणि म्हणूनच त्याचा खास वापर प्रसूतीनंतर होतो. जीरकाद्यरिष्ट हा आंबवलेला काढा बाळंतिणीसाठीच आहे. बाळंतिणीच्या जेवणात जिरे, ओवा, बाळंतशेपा आणि सुंठ घालण्याची आपली रीत तिच्या पचनाला सोयीची आहे. जिऱ्याने दूध वाढते असे ठामपणे सांगण्याजोगा माणसांवरील पुरावा नाही. दूध वाढते ते बाळाला वारंवार अंगावर पाजल्याने आणि आईला पुरेसे अन्न, पाणी व विश्रांती मिळाल्याने. शेवटची गोष्ट घराघरांत सर्वांत कमी मिळते.

सहा महिन्यांखालच्या बाळाला जिऱ्याचे पाणी देऊ नये. बाळाला आईच्या दुधाखेरीज पाण्याचीही गरज नसते, आणि बाहेरच्या पाण्यातून जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. आजी आग्रह धरत असतील तर त्यांना दुखवू नये, ते पाणी बाळाच्या आईने प्यावे.

रोज किती जिरे घ्यावे आणि कोणी टाळावे?

निरोगी प्रौढ माणसाला दिवसभरात एक ते दीड चहाचा चमचा, स्वयंपाकातले धरून, भरपूर झाले. गाजर, धने, बडीशेप किंवा सेलरीची ॲलर्जी असणाऱ्यांना जिऱ्याचीही होऊ शकते, कारण ही सगळी एकाच कुळातील आहेत. ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे किंवा जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात त्यांनी अर्क आणि कॅप्सूल टाळावेत. आमटीतल्या फोडणीची चिंता करू नये.

जिऱ्याचे तेल त्वचेवर किंवा केसांना लावावे का?

लावू नये. ते तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, आणि म्हणूनच सुगंधी प्रसाधनांच्या उद्योगातही त्याच्या प्रमाणावर कडक मर्यादा आहे. केस वाढवण्याच्या दाव्याला आधार नाही.

जिऱ्यात भेसळ कशी ओळखावी आणि चांगले जिरे कसे निवडावे?

देशातील जिरे मुख्यतः गुजरात आणि राजस्थानात पिकते. नोव्हेंबरच्या सुमारास पेरणी होते, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, आणि मेहसाणा जिल्ह्यातील ऊंझा ही त्याची सर्वांत मोठी बाजारपेठ. पिकाला कोरडी थंडी लागते. ऐन बहरात आभाळ आले किंवा अवकाळी पाऊस झाला की करपा आणि भुरी पडून शेतच्या शेत जाते, म्हणून याचे भाव फार हेलकावे खातात. २०२३ मध्ये ते क्विंटलमागे ५० हजार रुपयांच्याही वर गेले होते. भाव चढले की भेसळीचा मोह वाढतो. २०१९ मध्ये दिल्लीतील बवाना भागात रानगवताचे बी, गुळाचा पाक आणि दगडाची भुकटी यांपासून बनवलेले नकली जिरे पोलिसांनी पकडले होते.

घरी दोन परीक्षा पुरतात. थोडे जिरे दोन्ही तळहातांत घेऊन चांगले चोळावे. हात काळे झाले तर कोळशाच्या भुकटीने रंगवलेले गवताचे बी आहे असे समजावे. दुसरी, पेलाभर पाण्यात चमचाभर जिरे टाकून ठेवावे. खरा दाणा आकार सोडत नाही, नकली दाणा मऊ पडून पाण्यात सुटू लागतो. चांगला दाणा फिकट हिरवट-तपकिरी, उभ्या रेषा स्पष्ट असलेला असतो आणि बोटांत चुरडला की वास लगेच नाकात भरतो.

पूड विकत घेण्यापेक्षा अख्खे जिरे घ्यावे, कारण पुडीत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. २०१४-१५ मध्ये अमेरिकेत जिरेपुडीत शेंगदाण्याचा अंश सापडला आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांच्या जिवाला धोका असल्याने अनेक उत्पादने बाजारातून परत बोलवावी लागली. परदेशात राहणाऱ्या आणि घरी अशी ॲलर्जी असलेल्या मराठी कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. अख्खे जिरे घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर, वर्षभर टिकते; भाजलेली पूड पंधरवड्याच्या बेतानेच करावी.

उपवासाला जिरे चालते का?

महाराष्ट्रात बहुतेक घरी चालते. मोहरी, हळद व हिंग वर्ज्य असल्याने उपवासाच्या पदार्थांत जिऱ्याचीच फोडणी असते, आणि साबुदाणा, बटाटा व दाण्याचे कूट असे तिन्ही जड पदार्थ एका ताटात येत असताना ती असणे पोटाच्या दृष्टीने सोयीचेच आहे. काही घरांत जिरेही वर्ज्य मानतात. तेथे घरची रीत पाळावी.

‘गॅस झाला आहे’ असे वाटते तेव्हा जिरे घेऊन किती वेळ वाट पाहावी?

जेवण जास्त झाले आहे, पोट फुगले आहे, ढेकर आल्यावर बरे वाटते, असा सरळ मामला असेल तर तास-दोन तास वाट पाहायला हरकत नाही. हाच त्रास आठवड्यांमागून आठवडे परत येत असेल, वजन आपोआप घटत असेल, गिळताना अडकत असेल किंवा शौच काळे होत असेल तर घरगुती उपाय थांबवून तपासणी करून घ्यावी.

एका प्रसंगी मात्र अजिबात वाट पाहू नये. छातीत दाब किंवा जडपणा, घाम फुटणे, धाप लागणे, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे ही हृदयविकाराची लक्षणे असू शकतात, आणि पुष्कळ घरांत त्यांना गॅस समजून जिरे, ओवा, सोडा असे एकामागून एक देत बहुमोल वेळ घालवला जातो. मधुमेही आणि वयस्क व्यक्तींमध्ये, तसेच स्त्रियांमध्ये, छातीत कळ न येता नुसती मळमळ, पोटाच्या वरच्या भागात दुखणे आणि विलक्षण थकवा एवढेच जाणवू शकते. अशा वेळी रुग्णाला चालवू नये, स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.